दोन लूपचा फूटस्विच बॉक्स अडलाय? सोल्डरिंगचं नंतर बघू, आधी हे बघा

परभणी-नांदेड-लातूर पट्ट्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी बरीच पोरं हा बॉक्स स्वतः बनवतात नाहीतर कुणाकडून बनवून घेतात. लूप म्हणजे इफेक्ट पेडलमधून जाऊन परत येणारा सिग्नलचा रस्ता, आणि दोनातला कुठला चालवायचा ते पायानं ठरवायचं. गिटार आत, एकदा पाय मारला की ए लूप म्हणजे समजा डिस्टॉर्शन, परत मारला की बी लूप म्हणजे कोरस-डिले, आणि पुढं ॲम्प. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या बॉक्सची तक्रार फिरून फिरून तीच असते, "भैया, एका साईडनं आवाज येईना गेलाय, स्विच बदलून द्या." आणि त्यातल्या बऱ्याच बॉक्सचा स्विच ठणठणीत असतो.

आधी लक्षणं. तुमचं कुठलं ते बघून ठेवा, खाली त्याच क्रमानं नाही पण सगळ्याचं येईल.

- ए ला आवाज आहे, बी ला काहीच नाही, आणि दिवा मात्र दोन्हीकडं बरोबर लागतोय.
- आवाज दोन्हीकडं आहे पण दिवा एकही लागत नाही.
- एकाच लूपवर घूं असा हम, दुसरा साफ.
- पाय मारला की स्पीकरमधून ठप्प.
- बी वर साधा आवाज वाजतोय आणि मागं बारीक डिस्टॉर्शन ऐकू येतंय, गेन वाढवला तर शिट्टीच.
- पिन लावली की आवाज जातो, काढली की येतो (हसू नका, हे दर सीझनला येतं).
- पाय दाबून धरला तोवर बी, उचलला की परत ए.
- घरी सगळं ओके, मांडवात गेलं की खरखर.

आत काय असतं ते एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, म्हणून दोन मिनिटं त्यावर. सहा सॉकेट असतात (आपल्याकडं दुकानात पी-अडतीस म्हणून मागायचे): इनपुट, आउटपुट, सेंड ए, रिटर्न ए, सेंड बी, रिटर्न बी (सेंड म्हणजे पेडलकडं जाणारं, रिटर्न म्हणजे तिथून परत येणारं). मधे नऊ पायांचा थ्रीपीडीटी स्विच, म्हणजे एका दाबात तीन जोडण्या एकदम बदलणारा. दोन एलईडी, एक रेझिस्टर, अडॅप्टरचं सॉकेट. बस. स्विच उलटा करून त्याच्या पायांच्या चपट्या पट्ट्या आडव्या दिसतील असा धरला की तीन उभ्या रांगा दिसतात, प्रत्येक रांगेतला मधला पाय कॉमन, तो कधी वरच्याला चिकटतो कधी खालच्याला. पहिल्या रांगेत मधे इनपुटची टिप (सॉकेटचा सिग्नलचा पाय, पिनेच्या टोकाला टेकणारा), वर सेंड ए, खाली सेंड बी. दुसऱ्या रांगेत मधे आउटपुटची टिप, वर रिटर्न ए, खाली रिटर्न बी. तिसऱ्या रांगेत मधे ग्राउंड (सगळ्यांची सामायिक परतीची वायर), वर-खाली दोन एलईडींचे मायनस पाय. एलईडींचे प्लस पाय एकत्र करून एका ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून (पिवळा-जांभळा-लाल) ९ व्होल्टला. एका वेळी एकच दिवा लागतो म्हणून दोघांत एक रेझिस्टर पुरतो.

आता यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दिवा आणि आवाज यांचा एकमेकांशी संबंध नाही. दिवा तिसऱ्या रांगेवर चालतो, आवाज पहिल्या दोन रांगांवर, त्यामुळं "दिवा तर लागतोय की" यावरून फक्त एवढंच कळतं की स्विचची यंत्रणा हलतेय आणि तिसरी रांग चांगली आहे. उलट अडॅप्टर काढून टाकला तरी आवाज यायलाच पाहिजे, कारण हा बॉक्स पॅसिव्ह आहे, त्याला करंट फक्त दिव्यासाठी लागतो. दुसरी गोष्ट, ए चालू आणि बी बंद असेल तर इनपुट, आउटपुट आणि मधले दोन्ही कॉमन पाय आपोआप निर्दोष सुटले. उरलं काय, बी चे दोन सॉकेट, स्विचचे दोन पाय आणि दोन वायरी. दोन्ही लूप बंद असतील तर मात्र इनपुट-आउटपुटकडं बघायचं. एवढा विचार न करता जो माणूस सोल्डरिंग गन तापवतो तो चांगल्या जागी डाग (सोल्डरचा सांधा) मारतो आणि मग दोन फॉल्ट होतात.

फुकटातली तपासणी, हत्यार न लावता

दोन्ही लूपमधले पेडल काढा. एक छोटी पॅच केबल घ्या, चांगली आहे याची खात्री असलेली, आणि ती सेंड ए मधून थेट रिटर्न ए मध्ये लावा. वाजवा. मग तीच केबल, दुसरी नाही, तीच, बी ला लावा आणि पाय मारून वाजवा. दोन्हीकडं साफ आवाज आला तर बॉक्स चांगला आहे, झाकण उघडू नका, गडबड बाहेर आहे. हे मी फोनवर सांगतो आणि अर्ध्या लोकांचा बॉक्स मग माझ्यापर्यंत येतच नाही. माझा धंदा बुडतो पण मांडव तर वाजतो.

लूप रिकामा ठेवला तर आवाज न येणं हे बरोबरच आहे बरं का, त्याला फॉल्ट म्हणू नका. सेंडमधून गेलेला सिग्नल रिटर्नला परत आलाच नाही तर आउटपुटला काय मिळणार. काही बॉक्समध्ये कट असलेले सॉकेट टाकून रिकामा लूप आतल्या आत जोडलेला असतो, तिथं येतो आवाज, पण साध्या बॉक्सकडून ती अपेक्षा नको.

आणि पाय उचलला की परत ए वर जात असेल तर तिथंच थांबा, तुम्हाला दुकानदारानं मोमेंटरी स्विच दिलाय. लॅचिंग स्विच खाडकन क्लिक होतो आणि तसाच राहतो. मोमेंटरी दुरुस्त होत नाही, बदलायचा.

बॉक्सच्या बाहेरचं

सेंडमधली वायर पेडलच्या इनपुटला आणि पेडलचं आउटपुट रिटर्नला. बहुतेक पेडलला इनपुट उजव्या हाताला असतं, डावीकडं आउटपुट, आणि अंधारात स्टेजवर घाईत हे उलटं लागतं. उलटं लागलं की तो लूप मेला.

मग करंट. बॉस कंपनीसारखे बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) असलेले पेडल बंद ठेवले तरी त्यांना पॉवर लागते, पॉवर नाही तर आरपार काहीच जात नाही, आणि माणूस म्हणतो बॉक्स गेला. ट्रू बायपासवाला (बंद असताना सिग्नल थेट पुढं सोडणारा) पेडल पॉवर नसतानाही साधा आवाज सोडतो. म्हणून "पेडल बदलला की चालतं" या तक्रारीत पहिला संशय अडॅप्टरवर घ्या.

हमसाठी सोपी परीक्षा आहे. पेडलमध्ये ९ व्होल्टची नवी बॅटरी टाका आणि सगळे अडॅप्टर भिंतीतून काढा, बॉक्सचा सुद्धा. हम गेला तर दोष अडॅप्टरचा नाहीतर त्याच्या जोडणीचा. आपल्याकडं लाईट गेली की इन्व्हर्टर लागतो, आणि जुने स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर असले की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमधून नुसता भुर्र आवाज येतो, लाईट आली की बंद. तुमचा हम लाईट जाण्या-येण्याबरोबर बदलत असेल तर बॉक्सला हात लावू नका.

एक घातक प्रकार इथंच सांगतो. जुन्या पद्धतीचे जर्मेनियम फझ पेडल बहुतेक पॉझिटिव्ह ग्राउंडचे, म्हणजे प्लस ग्राउंडला जोडलेले असतात. असा पेडल बाकीच्यांबरोबर एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरवरून अनेक पेडलांना करंट देणारी वायर) लावला तर वायरींच्या शील्डमधून प्लस-मायनस शॉर्ट होतं, अडॅप्टर तापतो नाहीतर सगळेच पेडल एकदम बंद. त्याला वेगळी बॅटरी द्या, विषय संपला.

आवाज येतो पण एका लूपवर बोथट, ट्रेबल गेलेलं, असं असेल तर वायरींची लांबी बघा. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, पॅसिव्ह पिकअपला ती जाणवते, आणि एका लूपमध्ये बफरवाला पेडल, दुसऱ्यात सगळे ट्रू बायपास आणि लांबलचक वायरी असं असलं की फरक कानाला कळणारच. वायरी छोट्या करा किंवा बॉक्सच्या आधी बफर लावा.

झाकण उघडून फक्त डोळ्यांनी

पॅच केबलच्या परीक्षेत बॉक्स नापास झाला तरच हे. अडॅप्टर काढा, सगळ्या पिना काढा, उजेडात बसा, मोबाईलचा झूम वापरा.

सॉकेटमधली टिपची पत्ती बघा. पिन आत घालून बघा ती पत्ती पिनेच्या टोकावर नीट दाबून बसते का. सतत काढ-घाल करून ती मागं वाकते आणि मांडवातल्या हादऱ्यानं खरखर करते. हलक्या हातानं पुढं वाकवली की काम होतं, पैसा लागत नाही. वर आपल्याकडची धूळ. उन्हाळ्यात पटांगणात कार्यक्रम झाला की सॉकेटमध्ये मातीचा थर बसतो, तो मोबाईल रिपेअरिंगवाल्यांकडचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काढा, पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. घरातलं कुलपाचं तेल नको, त्याचा थर राहतो आणि धूळ अजून चिकटते.

पिन लावली की आवाज जातो ही तक्रार सॉकेटच्या पायाची. कट असलेल्या सॉकेटला एक जादा पाय असतो जो पिन नसताना टिपला चिकटलेला असतो आणि पिन गेली की सुटतो. वायर चुकून त्या पायाला लागलीय. टिपच्या पायाला लावा.

मग ग्राउंड, आणि हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो. धातूच्या डब्यात बरेच जण ग्राउंडची वायर एकाच सॉकेटला लावतात आणि बाकीचे पाच डब्याच्या पत्र्यातून जोडले जातील असं धरून चालतात. डबा रंगवलेला असला, पावडर कोटिंग असलं की नटाखालचा रंग करंट अडवतो, किंवा नट ढिला झाला की ग्राउंड गेलं, आणि मग नेमक्या त्या एका लूपवर हम. मी सहाही सॉकेटच्या स्लीव्हना (ग्राउंडचा पाय, पिनेच्या अंगाला टेकणारा) एका वायरीनं जोडतो, डबा कुठलाही असो. काही पोरं इलेक्ट्रिशियनचा पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स वापरतात, त्यात तर वायर सोडून दुसरा रस्ताच नाही आणि बाहेरचा हम अडवायला शील्ड पण नाही. त्यापेक्षा भिंतीत बसवायचा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा) मॉड्युलर बॉक्स घ्या, स्वस्त मिळतो, वर पत्र्याचं झाकण बसवा.

दिवा लागत नाही आणि अडॅप्टर गरम होतोय? डीसी सॉकेट बघा. पेडलच्या अडॅप्टरला आतली पिन मायनस आणि बाहेरचा भाग प्लस असतो. धातूच्या चुडीचं डीसी सॉकेट धातूच्या डब्यात बसवलं की प्लस थेट डब्याला म्हणजे ग्राउंडला शॉर्ट. प्लास्टिक बॉडीचं सॉकेट लावा. दिवा लागत नाही पण गरमही काही होत नाही, तर एलईडी उलटी लागलीय (लांब पाय प्लस) किंवा रेझिस्टरचा डाग सुटलाय.

शेवटी डाग बघा. चांगला डाग चकचकीत आणि पायाला पसरलेला असतो. गोळी होऊन वर बसलेला, मळकट, भोवती बारीक रेघ दिसणारा म्हणजे ड्राय सोल्डर. लाकडी काडीनं एकेक वायर हलवा, गिटार लावून चालू ठेवून हलवलं तर खरखर कुठं होते ते लगेच ऐकू येतं. वायरी ग्लू गननं चिकटवलेल्या असतील तर अजून एक बघा, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, उन्हात उभ्या बंद गाडीत तो ग्लू मऊ पडतो आणि वायरी सुटून एकमेकीवर टेकतात.

मीटर लावा

साधं पिवळं डीटी-८३० मल्टीमीटर चालेल, बझर नसेल तर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. मीटर लावताना अडॅप्टर, पेडल सगळं बाहेर.

ए स्थितीत: इनपुटच्या टिपपासून सेंड ए च्या टिपपर्यंत बीप, सेंड बी ला गप्प. आउटपुटच्या टिपपासून रिटर्न ए ला बीप, रिटर्न बी ला गप्प. पाय मारा, सगळं उलटं झालं पाहिजे. सहाही स्लीव्ह एकमेकांशी बीप. आणि कुठल्याही सॉकेटच्या टिप-स्लीव्हमध्ये बीप नको, वाजलं तर कुठंतरी वायरीचा केसासारखा बारीक तंतू ग्राउंडला टेकलाय आणि तो लूप तिथंच गाडला जातोय.

बीप आली म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही, कारण बझर ३०-४० ओहमला पण वाजतो. म्हणून स्विचच्या पायांवर आकडा वाचा. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्यावर जेवढा दिसतो जवळपास तेवढाच स्विचमधून दिसला पाहिजे, फरक एक ओहमच्या आत. दर वेळी पाय मारल्यावर आकडा वेगळा, कधी २, कधी १५, कधी काहीच नाही, तर स्विच खरंच गेला. एवढा पुरावा मिळाल्याशिवाय स्विच बदलायचा नाही.

नेटवरच्या डायग्रामचे आकडे बघून वायरिंग केलेलं असेल तर पण इथंच कळतं. स्विच ९० अंशात फिरवून बसवला गेला की रांगा आडव्या होतात आणि सगळंच विचित्र वागतं, दिव्याच्या जागी आवाज तुटतो. आकड्यांवर विसंबू नका, कॉमन पाय कुठले ते मीटरनं स्वतः शोधा.

ठप्प आणि गळती

इथं बॉक्समध्ये काही तुटलेलं नसतं, म्हणून लोक वैतागतात, "सगळं बरोबर हाय तर कामून ठप्प करतंय." पेडलच्या आउटपुटला एक कपॅसिटर असतो, तो लूप सुटलेला असताना त्याचं टोक अधांतरी राहतं, त्यावर थोडा डीसी जमतो आणि पाय मारला की एकदम आउटपुटवर मोकळा होतो. उपाय म्हणजे दोन्ही सेंड आणि दोन्ही रिटर्नच्या टिपपासून ग्राउंडला प्रत्येकी १ मेगाओहमचा रेझिस्टर (तपकिरी-काळा-हिरवा). रुपया-दोन रुपयाचं काम. किमान १ मेगाच ठेवा, "अजून पक्कं" म्हणून ४७ किलो टाकलं तर गिटार दबेल.

त्यानंही ठप्प राहिलं तर पेडल चालू ठेवून त्याच्या आउटपुटच्या टिप-स्लीव्हमध्ये डीसी व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास पाहिजे. व्होल्टात आकडा दिसत असेल तर त्या पेडलचा कपॅसिटर गळतोय, बॉक्सला बोल लावू नका.

बी वर असताना मागं ए चं डिस्टॉर्शन ऐकू येणं, हे वेगळं. बी लागला की डिस्टॉर्शनचं इनपुट उघडं पडतं, हवेतला सगळा कचरा आणि शेजारच्या वायरीतला गिटारचा सिग्नल ते ओढून घेतं, प्रचंड वाढवतं आणि त्यातलं थोडं आउटपुटच्या वायरीत उतरतं. आधी वायरी एकमेकींपासून दूर करा: सेंडच्या आणि रिटर्नच्या वायरी एकत्र पिळून टाय मारलेल्या असतील तर सोडवा, एक या भिंतीनं दुसरी त्या भिंतीनं. सुंदर दिसणारी जुडी हीच शिट्टीचं कारण असते, वाढवलेला आवाज परत स्वतःच्याच इनपुटला मिळतो. तरी राहिलं तर सेंड-रिटर्नला शील्ड वायर, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड.

पक्का इलाज म्हणजे वापरात नसलेला सेंड ग्राउंडला जोडणं, पण त्याला एक जादा रांग लागते. थ्रीपीडीटीमध्ये मग दिवा सोडावा लागतो. दिवा पण हवा तर बारा पायांचा फोरपीडीटी घ्या: जादा रांगेत मधे ग्राउंड, ए च्या बाजूला सेंड बी, बी च्या बाजूला सेंड ए. हाय गेन वाजवणाऱ्याला मी सुरुवातीलाच फोरपीडीटी सांगतो.

स्विच बदलायचाच असेल तर

जिल्ह्याच्या ठिकाणी टीव्ही-रेडिओ पार्टच्या दुकानात हा स्विच क्वचित मिळतो, ऑनलाईन मागवा नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईला लॅमिंग्टन रोडला कुणी जाणारं असेल तर दोन आणायला सांगा. २५ वॉटची गन पुरे. एका पायावर दोन-तीन सेकंद, त्यापेक्षा जास्त नाही, आणि शेजारच्या पायावर लगेच जायचं नाही, लांबच्या कोपऱ्यातला घ्यायचा. तापून आतलं प्लास्टिक मऊ पडलं की पाय तिरका होतो आणि ग्रीस कॉन्टॅक्टवर उतरतं. नवा कोरा स्विच पहिल्याच दिवशी खरखर करतो तो यामुळं. वायरीला आणि पायाला आधी वेगवेगळं शिसं लावून घ्या, मग टेकवलं की लगेच धरतं. जुन्या वायरी सोडवायच्या आधी फोटो काढा.

इथं थांबायचं

गिटारच्या तारेला हात आणि माईकला ओठ लागला की झिणझिणी येत असेल तर वाजवणं तिथंच बंद. हा फूटस्विचचा विषयच नाही, अर्थिंगचा आहे. मांडवातल्या जनरेटरला बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, आणि हॉलच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर कुणी पाणी ओतलेलं नसतं. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. हम घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणारा उस्ताद भेटला तर त्याचं ऐकू नका, हम जाईल पण फॉल्ट आला की तो करंट तुमच्यातून जाईल.

ॲम्पच्या मागच्या सेंड-रिटर्नला हा बॉक्स लावता येतो, त्यात अडचण नाही, पण दोष ॲम्पच्या आत निघाला तर झाकण उघडायचं नाही. ट्यूब ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३००-४०० व्होल्ट बसलेले असू शकतात. तसंच ॲम्प आणि स्पीकरच्या मधे हा बॉक्स कधीच नको, एका क्षणासाठी स्पीकर सुटला तरी ट्यूब ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. गरम होणारा, वास येणारा अडॅप्टर उघडून बघायचा नाही, फेकायचा. आणि गळका कपॅसिटर महागड्या नाहीतर जुन्या पेडलचा असेल, आत एसएमडी (बोर्डवरच चिकटवलेले बारीक) पार्ट दिसत असतील, तर ते काम हॉट एअरवाल्याकडं द्या.

माझ्याकडं किंवा दुसऱ्या कुणाकडं बॉक्स पाठवताना त्याबरोबर चिठ्ठी टाका: पॅच केबलच्या परीक्षेत कुठला लूप नापास झाला, बॅटरीवर हम राहतो का, आणि कुठल्या लूपमध्ये कुठला पेडल लावता. आणि पॅच केबल पण पाठवा, तीच.